कपाचा कान

काचेच्या अलीकडे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, हा कोडेताईंच्या कामातला पहिला नियम. काचेच्या पलीकडे कुणीतरी डोळ्यांवर हेडसेट चढवून, दोन्ही हातांत कंट्रोलर धरून, रिकाम्या खोलीत आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखं चाचपडत असतं. त्या माणसाला दिसत असते जहाजाची कोठी, नाहीतर जादूगाराचं दुकान. त्यातून बाहेर पडायचं तर कोडी सोडवायची आणि कुलपं उघडायची, हा खेळ. खेळाडू काय बघतोय ते कोडेताईंना समोरच्या पडद्यावर दिसायचं, आणि तो हवेत कसे हात मारतोय ते काचेतून. पुष्कळदा उत्तर त्याच्या नाकासमोर असायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. "अहो, मागे वळा, मागे!" असं अगदी ओठांवर यायचं. पण बोलायचं नाही. बोललं की चाचणी वाया गेली. तो कुठे अडतो, कुठे चिडतो, कुठे कंटाळून भिंतीकडे बघत उभा राहतो, ते त्याचं त्यालाच भोगू द्यायचं आणि तो बाहेर आला की हसून विचारायचं, "कसं वाटलं?"

कोडेताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पूर्वी त्या एका साप्ताहिकाच्या मागच्या पानावर शब्दकोडी आणि अंककोडी रचायच्या, तेव्हापासून ते चिकटलं. साप्ताहिक बंद पडलं. पन्नाशीच्या तोंडावर घरी बसायची वेळ येते की काय असं वाटत असताना या खेळ बनवणाऱ्या कंपनीतून बोलावणं आलं. कंपनी म्हणजे गालिच्यांच्या जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावरची एक लांबलचक खोली. एक मालक, तो यांच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. एक चित्रकार, जो कागदावर एक रेघ न ओढता संगणकावर घरंच्या घरं उभी करायचा. एक प्रोग्रामर मुलगी, दिवसभर कानांत काहीतरी अडकवून बसलेली. आणि आणखी चार-पाच जण, जे येत-जात असत. कोडेताईंना संगणकाचं ज्ञान बेताचंच. पण कुलूप कुठे लावायचं, किल्ली कुठे लपवायची आणि माणसाला तिथवर न्यायचं कसं, यात त्यांचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं.

राहायला शिलाई मशीन दुरुस्तीच्या एका दुकानावर दोन खोल्या. लग्न केलं नव्हतं. करायचं नाही असं ठरवलं होतं अशातलाही भाग नाही. राहून गेलं, एवढंच. खालच्या दुकानात दिवसभर कुठलं ना कुठलं मशीन खडखडत असायचं, आणि दुकान बंद झालं की जिन्यातसुद्धा शांतता उतरायची. सुट्टीच्या दिवशी आपण अजून कुणाशी एक शब्द बोललेलो नाही, हे त्यांच्या लक्षात यायचं ते संध्याकाळी, दूधवाल्याला "अर्धा लिटर" म्हणताना घसा खरखरला की.

एक धाकटा भाऊ होता. तो दुसऱ्या गावात दातांच्या कवळ्या बनवायचा. दाताचे डॉक्टर साचे पाठवायचे आणि हा त्यावरून कवळी घडवायचा. बायको, दोन मुली, स्वतःचं घर. आई शेवटची दोन वर्षं त्याच्याकडेच होती आणि तिथेच गेली. भावाबहिणीत वाकडं काहीच नव्हतं. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. आई होती तोवर तिची चौकशी करायला फोन व्हायचे. ती गेल्यावर चौकशी करायला कुणी उरलं नाही. मग "बरं आहे ना?" "हो, बरंच म्हणायचं," असं करत करत फोन विरळ होत गेले.

तर एकदा मालक म्हणाला, "ताई, भुतं झाली, जहाजं झाली, चंद्रावरचं यान झालं. आता काहीतरी साधं द्या. लोकांना या खेपेला एखाद्या घरात अडकवू या."

"लोक घरांत अडकलेलेच असतात की," कोडेताई म्हणाल्या. सगळे हसले. त्याही हसल्या. आणि त्या आठवड्यात त्यांनी चित्रकाराला समोर बसवून घर सांगायला सुरुवात केली.

लाकडाच्या वखारीमागचं तीन खोल्यांचं भाड्याचं घर. शिरल्या शिरल्या उजव्या हाताला कोट अडकवायच्या खुंट्या. स्वयंपाकघराला एकच खिडकी, तीही पश्चिमेला, त्यामुळे दुपार कलली की ओट्यावर ऊन. चित्रकार अबोल माणूस. तो फक्त विचारायचा, "भिंतीचा रंग?"

"पोपटी म्हणून लावला होता. पुढे त्याचं काय झालं ते सांगता येत नाही."

"कळलं," म्हणायचा आणि कामाला लागायचा. आणि खरंच कळलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी पडद्यावर तो रंग हजर. त्यावर कपाटाच्या दाराने घासून पडलेला अर्धगोल ओरखडासुद्धा.

खेळाची गोष्ट सोपी होती. घर रिकामं करायचा दिवस. सामानाचा ट्रक दारात यायच्या आत कपाट उघडायचं आणि आतली पेटी घेऊन बाहेर पडायचं. वाटेत पाच कोडी. चार कोडी कोडेताईंनी धंद्याच्या हिशेबाने रचली. पाचवं, कपाटाच्या किल्लीचं, त्यांनी रचलं नव्हतं. ते त्यांच्या आईचं होतं.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती. दिवसभर परक्या माणसांचे आवाज एकमेकांना जोडून द्यायचे आणि घरी आल्यावर गप्प राहायचं, असा तिचा दिनक्रम. वडील फिरतीच्या नोकरीवर. पाहुण्यासारखे येत आणि पाहुण्यासारखेच जात. शाळेतून आल्यावर दोन्ही मुलं घरात एकटी. आईने त्यावर उपाय काढला होता. बिस्किटांचा डबा, रेडिओ, पत्ते, जे काही हवंहवंसं असेल ते सगळं कपाटात. कपाटाला कुलूप. आणि किल्ली दर दिवशी नव्या जागी. "मी येईपर्यंत शोधा," एवढं सांगून ती जायची. पण जाताना एक खूण ठेवायची. फळीवरच्या कपांमध्ये एक निळा, टवका उडालेला कप होता. त्याचा कान ज्या दिशेला, त्या दिशेला किल्ली. हे तिने कधी तोंडाने सांगितलं नाही. कोडेताईंनी ते आठ-नऊ वर्षांच्या असताना स्वतः ओळखलं. त्या दिवशी आई परत आली तेव्हा कपाट उघडं, रेडिओ चालू, आणि दोघं भावंडं बिस्किटं खात बसलेली. आईने फक्त कपाकडे बघितलं, मग लेकीकडे बघितलं, आणि चपला काढता काढता हसली. आईचं तसं हसू कोडेताईंनी आयुष्यात फार वेळा पाहिलं नव्हतं.

घर तयार झालं तेव्हा चाचणीच्या निमित्ताने एक हेडसेट त्या घरी घेऊन आल्या. संध्याकाळचं जेवण उरकलं की तो चढवायचा आणि खुर्ची सरकवून मधोमध उभं राहायचं. की लागलीच त्या लाकडाच्या वखारीमागे. ओट्यावर ऊन पडलेलं. खुंटीवर आईचा रेनकोट. त्या कोडं सोडवायच्या नाहीत, नुसत्या या खोलीतून त्या खोलीत जायच्या. भिंतीला हात लावायला गेलं की हाताला काही लागायचं नाही, एवढाच काय तो फरक. चित्रकाराने एकदा विचारलं होतं, "माणसं टाकू का घरात? पाठमोरी बाई वगैरे?" तेव्हा त्या इतक्या झटकन "नको" म्हणाल्या, की त्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

मग चाचण्या सुरू झाल्या आणि अभिप्राय येऊ लागले.

घर सगळ्यांना आवडलं. "असं वाटलं की आत्ता कुणीतरी आतल्या खोलीतून बाहेर येईल," असं एकाने लिहिलं. पहिली चार कोडीही आवडली. आणि पाचव्याची मात्र पार शोभा झाली.

"कपाच्या कानाचा आणि किल्लीचा काय संबंध? उद्या बशीच्या नाकावरून तिजोरी उघडायला लावाल."

"मी कप उचलून आत बघितलं, खाली बघितलं, शेवटी भिंतीवर फेकून मारला. फुटल्याचा आवाज छान आहे."

"किल्ली दाराच्या चौकटीवर का नाही? जगात सगळ्यांची किल्ली दाराच्या चौकटीवरच असते!"

"हे कोडं ज्याने रचलं त्याला एकट्यालाच सुटत असेल."

शेवटचा अभिप्राय कोडेताईंनी दोनदा वाचला.

वास्तविक हे सगळं कळायला त्यांना अभिप्रायांची गरज नव्हती. नव्या माणसांना त्या स्वतःच शिकवायच्या: उत्तर कळल्यावर खेळाडूने कपाळावर हात मारून "अरेच्चा, हे मला सुचायला हवं होतं!" म्हटलं पाहिजे. "हे कुणाला सुचणार?" असं म्हणाला की कोडं मेलं. पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. बैठकीत मालकाने विषय काढला तेव्हा त्या हट्टालाच पेटल्या.

"काढून टाकू या ताई. सोपं काहीतरी घालू."

"लोक नीट बघत नाहीत. बघितलं तर दिसतं."

"इतक्या जणांत एकालाही दिसलं नाही."

"म्हणून ते चुकीचं होत नाही."

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. प्रोग्रामर मुलीनेसुद्धा कानांतलं काढलं. ताई कधी आवाज चढवत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मालक समजूतदार होता. म्हणाला, "ठीक आहे. आता आपण हा खेळ चाचणीसाठी सगळ्यांना खुला करतोय, हेडसेट नसला तरी साध्या संगणकावर खेळता येईल असा. ओळखीपाळखीच्यांना लिंक पाठवा. त्यात बघू. एखाद्याला जरी न सांगता सुटलं, तरी विचार करू."

ओळखीपाळखीचे म्हणजे कोण, हा कोडेताईंपुढे खरा प्रश्न. त्यांनी जुन्या साप्ताहिकातल्या दोघांना लिंक पाठवली. मग बराच वेळ फोन हातात धरून बसल्या आणि ती भावालाही पाठवली. सोबत काय लिहावं ते सुचेना, म्हणून काहीच लिहिलं नाही. नुसती लिंक.

खुल्या चाचणीतले खेळ आपोआप रेकॉर्ड व्हायचे. कोडेताई ते एकेक करून बघत बसायच्या. तीच रड. कप उचलला, ठेवला, फेकला. आणि एके दिवशी दुपारी त्या ताडकन खुर्चीत सरळ झाल्या. एक खेळाडू स्वयंपाकघराच्या दारात आला. थांबला. त्याची नजर फळीवर गेली, निळ्या कपावर टेकली, मग संथपणे वळून कानाच्या रोखाने खुंट्यांकडे गेली. तो चालत गेला, रेनकोटच्या खिशात हात घातला, किल्ली काढली. एकदाही अडखळला नाही.

असं चालणारं माणूस जगात दुसरं कोण असणार? खेळाडूने नाव घातलं नव्हतं. कोडेताईंनी ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. दारातलं ते थांबणं. हो, भाऊ असाच थांबायचा, लहानपणी, अंगठ्याने चौकट खरवडत. लिंक त्याला मिळाली होती. त्याने उघडली होती. आपल्यासारखाच तोही काही न लिहिता, नुसता जाऊन आला होता.

त्या दिवशी त्या जिना चढताना गुणगुणत होत्या. खालच्या दुकानदाराने मान वर करून बघितलंसुद्धा.

पण शहानिशा करायला हवी होती. त्या खेळाडूने "पुढील चौकशीसाठी संपर्क साधल्यास हरकत नाही" यावर खूण करून फोन नंबर दिला होता. तो भावाचा नव्हता. नवा घेतला असेल, नाहीतर भाचीचा असेल. कोडेताईंनी फोन लावला. पलीकडे एक ठसठशीत आवाजाची बाई.

"हो हो, मीच खेळले! फार मजा आली हो!"

"ते पाचवं कोडं... कपाचं. तुम्हाला ते कसं सुचलं?"

"मला कुठलं सुचतंय! माझी भाची तुमच्याकडे येऊन खेळून गेली ना, तिला शेवटी तुमच्याकडच्यांनी उत्तर सांगितलं, ते तिने मला सांगून ठेवलं होतं. म्हणाली, मावशी, त्या मूर्ख कपाकडे बघ, नाहीतर तिथेच म्हातारी होशील." बाई खळखळून हसल्या. "चालतं ना असं? का फसवणूक झाली?"

"नाही, नाही. चालतं," कोडेताई म्हणाल्या. "आभारी आहे."

फोन ठेवून त्या बसून राहिल्या. खाली एक मशीन खडखडत होतं, थांबत होतं, पुन्हा खडखडत होतं. आपण एका परक्या बाईला आपला भाऊ समजून दोन दिवस हरखून गेलो होतो, याचं त्यांना आधी हसू आलं. मग हसू ओसरलं आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. उगाच उठून त्यांनी धुतलेलं भांडं पुन्हा धुतलं. आणि मग, आता नाही केला तर कधीच होणार नाही असं वाटून, भावाला फोन लावला.

"ताई? काय गं, सगळं ठीक?" त्याचा आवाज घाबरलेला. त्यांच्यात आता फोन म्हणजे वाईट बातमी, असंच झालं होतं.

"ठीक आहे रे. मी ती एक लिंक पाठवली होती..."

"हां, ती! उघडली नाही मी. खाली काही लिहिलं नव्हतंस, म्हटलं व्हायरस असेल."

"माझ्या कामाचं होतं. एक खेळ आहे. तू खेळून बघावास असं वाटत होतं."

"मला कुठे जमतंय ते!" मग, "पुढच्या आठवड्यात तिकडे येतोय मी. दात घ्यायला."

"दात घ्यायला?"

"अगं, कवळीत बसवायचे. घाऊक मिळतात तिथे. दुपारी मोकळा आहे. येऊ का?"

तो आला. केस पांढरे झाले होते, आणि चालताना एक गुडघा जपत होता. खांद्यावरच्या पिशवीत दातांचे पुडे होते. त्याने ऑफिसात आल्या आल्या ते काढून दाखवले, आणि प्रोग्रामर मुलगी किंचाळून मग हसत सुटली. कोडेताईंनी त्याला घराबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. हेडसेट चढवायला मदत केली, कंट्रोलर हातात दिले, आणि काचेच्या अलीकडे येऊन बसल्या.

पडद्यावर घर उजळलं. भाऊ जागच्या जागी उभा. पडद्यावरची नजर हळूहळू फिरली. खुंट्या, पोपटी भिंत, ओरखडा. काचेतून त्याचं अर्धं तोंड दिसत होतं. ते उघडंच राहिलं होतं.

"ताई," तो मोठ्याने म्हणाला. "ताई, हे आपलं..."

कोडेताईंनी ओठ घट्ट मिटून घेतले.

तो चालू लागला. पहिली कोडी त्याने सोडवलीच नाहीत; त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो स्वयंपाकघरात गेला, ओट्यावरच्या उन्हात हात धरून बघितला. प्रोग्रामर मुलीने कोडेताईंकडे बघितलं आणि त्यांच्या मानेच्या इशाऱ्यावर बटण दाबून सरळ पाचवं कोडं सुरू केलं. कपाटाचं कुलूप चमकलं. आता फळी. आता कप. कोडेताई खुर्चीच्या अगदी कडेवर आल्या होत्या.

भावाने फळीकडे ढुंकूनही बघितलं नाही. तो वळला, आतल्या खोलीच्या दारापाशी गेला, आणि हात उंच करून चौकटीच्या वर चाचपू लागला. तिथे काही नव्हतं. त्याने पुन्हा चाचपलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग टाचा उंचावून, दुखरा गुडघा सावरत, पुन्हा. काचेपलीकडे एक पांढऱ्या केसांचा माणूस रिकाम्या हवेत हात फिरवत होता. कितीतरी वेळ तो तिथून हलला नाही.

शेवटी त्याने हेडसेट काढला. डोळे ओले होते, पण तो हसतही होता.

"फारच हुबेहूब आहे गं. पण किल्ली तिथे नाही ठेवलीस?"

"कुठे?"

"चौकटीवर! तिथेच असायची ना."

"ती कपाच्या कानावरून शोधायची होती. निळा कप. आई ठेवायची बघ वळवून."

"कप?" तो गोंधळला. "कुठला कप?"

कोडेताईंनी सांगितलं. तो ऐकत राहिला आणि मान हलवत राहिला. त्याला कप आठवत होता, त्याचा टवका आठवत होता. त्या कानाला काही अर्थ होता हे तो पहिल्यांदा ऐकत होता.

"मला आईने चौकटीवरची दुसरी किल्ली दाखवून ठेवली होती," तो म्हणाला. "म्हणाली, भूक लागली तर स्टूल घे, किल्ली काढ, बिस्किट खा आणि परत ठेव. ताईला सांगू नकोस. तिला शोधायला आवडतं."

"म्हणजे तू शोधतच नव्हतास?"

"खोटं खोटं शोधायचो की. तू पलंगाखाली शिरलीस की मीही शिरायचो. मला मजा वाटायची तुला बघायला. तू जीभ बाहेर काढून शोधायचीस."

तो अगदी सहज सांगत होता; त्याच्या दृष्टीने यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. इतकी वर्षं कोडेताईंच्या डोक्यातल्या त्या घरात दोन मुलं शोधत होती. आता एकच शोधत होतं आणि दुसरं, तोंडाला बिस्किटाचा चुरा लागलेलं, बघत होतं.

चहा आला. भावाने कप उचलला आणि मध्येच थांबला.

"कपावरून आठवलं. आई आमच्याकडे असताना शेवटी शेवटी फडताळापाशी उभी राहायची आणि कपांचे कान फिरवत बसायची. रोज. हिला वाटायचं, सासूबाईंना आपण लावलेलं आवडत नाही. ही सरळ करायची, की आई पुन्हा फिरवायची. डॉक्टर म्हणाले, वय झालं की होतं असं."

कोडेताईंनी आपला कप खाली ठेवला.

"कुठल्या बाजूला फिरवायची?"

"काय?"

"कान. कुठल्या बाजूला करून ठेवायची?"

भावाने आठवायचा खरोखर प्रयत्न केला. कपाळाला आठ्या घातल्या, हाताने हवेत फडताळ उभं करून बघितलं. मग हात खाली घेतला.

"ते कोण बघतंय गं, ताई," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आम्हाला काय माहीत."

तो खोटं बोलला असता, दाराकडे म्हणाला असता, खिडकीकडे म्हणाला असता, तरी चाललं असतं असं त्यांना क्षणभर वाटलं. पण तो कवळ्या बनवणारा माणूस. मापात नसेल ते तो देत नसे. त्याच्या गाडीची वेळ झाली होती. जाताना जिन्यात तो म्हणाला, "ये ना एकदा. मुली विचारतात." त्या "येईन" म्हणाल्या. दोघांनाही ते बोलणं नेहमीपेक्षा थोडं जास्त खरं वाटलं, आणि म्हणूनच दोघंही अवघडले.

दुसऱ्या दिवशी कोडेताईंनी मालकाला सांगितलं, "पाचवं कोडं बदलते."

"नक्की? हवं तर अजून थोडे दिवस..."

"नको. लोकांचं बरोबर आहे. एकट्याला सुटतं ते कोडं नव्हे."

त्यांनी कप काढला नाही. चौकटीवर दुसरी किल्ली ठेवली. ज्याला शोधायचंय त्याने कपाचा माग काढावा; ज्याला घाई आहे त्याने हात वर करावा. प्रोग्रामर मुलगी म्हणाली, "मग कप कशाला कुणी बघेल?" त्यावरही त्यांनी तोड काढली. खेळाच्या सुरुवातीला, ट्रकची वाट बघताना, खेळाडूला घरभर फिरायला मिळायचं. तेव्हा तो कप तीनदा वेगळ्या दिशेला वळलेला दिसे, आणि दर वेळी त्या दिशेला काहीतरी छोटं सापडे. धंद्याची साधी रीत: आधी खूण शिकवायची, मग विचारायची. ही रीत नव्या माणसांना शिकवणाऱ्या आपल्याला, आपलंच घर आल्यावर ती का सुचली नाही, याचा त्यांनी विचार केला नाही. उत्तर ठाऊकच होतं.

नवे अभिप्राय आले. बहुतेकांनी चौकटीवरचीच किल्ली घेतली आणि खूश होऊन गेले. काहींनी कपाचा माग काढला, आणि मग चौकटीवरही किल्ली होती हे कळल्यावर चिडले. "आम्ही एवढे कष्ट केले ते काय उगाच?" एकाने लिहिलं. कोडेताईंनी त्याला उत्तर पाठवलं नाही. उत्तर पाठवायची पद्धतच नव्हती.

भावाकडे त्या एकदा जाऊन आल्या. भावजयीने आग्रहाने जेवू घातलं. भाच्या सुरुवातीला "आत्या" म्हणायला लाजत होत्या, संध्याकाळी त्यांच्याकडून कोडी घालून घेत होत्या. निघताना सगळे दारापर्यंत आले. परतीच्या गाडीत कोडेताई खिडकीपाशी बसल्या होत्या आणि वाईट अजिबात वाटत नव्हतं. फक्त आपल्या खोल्यांचं कुलूप उघडताना त्यांना नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ लागला.

ते घर दीडेक वर्ष चाललं. मग लोक नव्या खेळांकडे वळले आणि एके सकाळी मालकाने जुने चार खेळ बंद करायचं ठरवलं. त्यात तेही होतं. प्रोग्रामर मुलगी त्यांच्या टेबलाशी आली.

"ताई, सर्व्हरवरून काढतेय. तुमच्यासाठी एक प्रत ठेवू का? घरच्या घरी बघता येईल तुम्हाला."

कोडेताईंनी विचार केला. ओट्यावरचं ऊन त्यांच्या डोळ्यांसमोर आलं, आणि भिंतीतून आरपार जाणारा स्वतःचा हातही.

"नको," त्या म्हणाल्या. "राहू दे."

मुलीने खांदे उडवले आणि गेली. थोड्या वेळाने तिने पलीकडून अंगठा दाखवला. झालं म्हणून. काहीतरी तुटेल असं कोडेताईंना वाटलं होतं. पण भूक लागली होती, एवढंच जाणवलं. जेवणाची वेळ झालीच होती. चित्रकार नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या टेबलावर, पाठ करून, एकटाच डबा उघडत होता. इतकी वर्षं तो तसाच जेवत आला होता आणि इतकी वर्षं त्या आपल्या टेबलावर. त्या डबा घेऊन उठल्या आणि त्याच्यासमोर जाऊन बसल्या. त्याने दचकून वर बघितलं.

"तुम्ही कुठल्या घरात वाढलात हो?" कोडेताईंनी विचारलं. "मी कधी विचारलंच नाही."

चित्रकार घास हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिला. रंग विचारणारा तो; त्याला कुणी काही विचारायची सवय नव्हती.

"घर कसलं," तो म्हणाला. "दवाखान्यामागची एक खोली. बाबा तिथे कंपाउंडर होते. भिंतीपलीकडे सारखं कुणीतरी कण्हत असायचं. आम्हाला त्याशिवाय झोप यायची नाही."

"आणि भिंतीचा रंग?"

तो हसला. त्याने डबा बाजूला सरकवला, पाण्यात बोट बुडवून टेबलावर एक चौकोन काढला आणि दार कुठे होतं ते दाखवायला लागला.